५९९ रुपयांचा ‘४५ वॅट ओरिजिनल’ चार्जर खरा की डुप्लिकेट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सॅमसंगचा गॅलक्सी एस२३ फोन, डब्यात चार्जर आलेला नाही. ऑनलाइन ‘४५ वॅट ओरिजिनल सुपर फास्ट’ असं लिहिलेला, कंपनीचं नाव छापलेला चार्जर केबलसकट ५९९ रुपयांना घेतला. एमआरपी ३,४९९ दाखवली होती. आता फोनवर नुसतं ‘फास्ट चार्जिंग’ येतं, ‘सुपर फास्ट’ येत नाही. चार्जर तापतो आणि चार्जिंगला लावून टाइप करायला गेलं की स्क्रीन आपोआप भलतीकडेच दाबली जाते. हा डुप्लिकेट आहे का, आणि नवा घेताना काय बघायचं?

डुप्लिकेट आहे, परत करा. मात्र तो निष्कर्ष मी ‘सुपर फास्ट येत नाही’ यावरून काढलेला नाही. मोबाइल रिपेअरिंगच्या टेबलावर दोन्ही तऱ्हांची गिऱ्हाइकं येतात. काही जण अस्सल चार्जर हळू चालतो म्हणून डुप्लिकेट समजतात. काही जण डुप्लिकेट झपाट्याने चार्ज करतो म्हणून त्यालाच अस्सल समजतात. दुसऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आजकाल फास्ट चार्जिंगची चिप फार स्वस्त झाली आहे, त्यामुळे बनावट चार्जरसुद्धा ‘सुपर फास्ट’ दाखवू शकतो. पैसे वाचवलेले असतात ते दुसरीकडे, जिथे आपल्याला दिसत नाही.

आधी वेगाचं प्रकरण मिटवू. एस२३ हा २५ वॅटचा फोन आहे. ४५ वॅट घेतात ते त्याच मालिकेतले प्लस आणि अल्ट्रा. म्हणजे उद्या तुम्ही खराखुरा ४५ वॅटचा चार्जर आणलात तरी तुमचा फोन २५ वॅटच ओढणार. त्यात नुकसान काही नाही, फक्त जास्तीचे पैसे गेले. चार्जर फोनमध्ये जबरदस्तीने वीज कोंबत नाही. जोडल्याबरोबर दोघांची केबलमधून बोलणी होतात, फोन मागेल तेवढंच चार्जर देतो. यूएसबी पीडी म्हणतात ते हेच. सॅमसंगच्या ‘सुपर फास्ट’साठी पीडीतला पीपीएस नावाचा प्रकार लागतो. त्यात फोन अगदी बारीक पायऱ्यांनी व्होल्टेज कमी-जास्त करून मागतो. चार्जरमध्ये पीपीएस नसेल तर फोन साधारण १५ वॅटवर समाधान मानतो आणि नुसतं ‘फास्ट चार्जिंग’ लिहितो.

म्हणून एखाद्याचा चार्जर ‘सुपर फास्ट’ दाखवत नसेल तर मी आधी तीन गोष्टी बघायला सांगतो. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या चार्जिंग सेटिंग्जमध्ये ‘सुपर फास्ट चार्जिंग’ बंद तर नाही ना? केबल दोन्ही टोकांना टाइप-सी आहे ना? एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असेल तर पीडी चालतच नाही, चार्जर कितीही महाग असो. आणि चार्जरवरच्या बारीक अक्षरांत पीपीएस लिहिलंय का? या तिन्हींमध्ये काही सापडलं तर प्रश्न तिथेच सुटतो, चार्जरला डुप्लिकेट ठरवायची गरज नसते.

तुमच्या बाबतीत तिसऱ्या गोष्टीपाशीच सगळं उघडं पडतं. तुम्ही लेबल वाचून पाठवलंय: आउटपुट ५ व्होल्ट ३ अ‍ॅम्पिअर, ९ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअर, १२ व्होल्ट १.५ अ‍ॅम्पिअर. व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर म्हणजे वॅट, एवढंच गणित आहे. १५, १८, १८. चार्जरच्या पोटावर मोठ्या अक्षरांत ‘४५ वॅट’ आणि पाठीवर बारीक अक्षरांत १८ वॅटचा हिशोब. हा आकड्यांचा साचा क्विक चार्ज ३.० नावाच्या जुन्या फास्ट चार्जिंग पद्धतीच्या चार्जरचा आहे. पाठीवरचं लेबल तेच ठेवून पुढचं नाव आणि वॅट बदलत राहतात. याच साच्यावर ‘६५ वॅट’ आणि ‘१२० वॅट’ छापलेले चार्जरही माझ्याकडे आले आहेत.

ताडून बघायला खऱ्याचं लेबल सांगतो. सॅमसंगचा जुना २५ वॅटचा चार्जर, मॉडेल ईपी-टीए८००: पीडीत ९ व्होल्ट २.७७ अ‍ॅम्पिअर किंवा ५ व्होल्ट ३ अ‍ॅम्पिअर. खाली पीपीएसची वेगळी ओळ, ३.३ ते ५.९ व्होल्टला ३ अ‍ॅम्पिअर किंवा ३.३ ते ११ व्होल्टला २.२५ अ‍ॅम्पिअर. नऊ गुणिले २.७७ करा, २४.९३ येतात. अ‍ॅपलच्या २० वॅटवर ९ व्होल्ट २.२२ अ‍ॅम्पिअर असतं, तिथेही गुणाकार २० च्या जवळ येतो. खऱ्या कंपनीच्या लेबलवर पुष्कळदा हे असे अर्धेमुर्धे, विचित्र दिसणारे आकडे सापडतात, कारण ते छापलेल्या वॅटशी हिशोब जुळवून लिहिलेले असतात.

लेबलवरची दुसरी बघायची गोष्ट म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. मोबाइल चार्जर आणि अ‍ॅडॉप्टर सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. ही योजना २०१२ च्या आदेशाने सुरू झाली. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह, मानकाचा क्रमांक (बऱ्याच चार्जरवर आयएस १३२५२ दिसेल) आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडी नंबर असायला हवा. ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात हा आर-नंबर टाकला की नोंदणी कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि चालू आहे की नाही, ते कळतं.

आता यातली खुबी नीट समजून घ्या. नंबर नाहीच, किंवा टाकल्यावर भलत्याच कंपनीचा एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्याला वीज पुरवणारा भाग) निघाला, तर विषय संपला: माल खोटा. पण नंबर बरोबर निघाला म्हणून माल खरा असं म्हणता येत नाही. खऱ्या चार्जरचं लेबल समोर ठेवून छपाई करणारा माणूस नंबरही जसाच्या तसा उतरवतो, त्याला काय लागतंय! म्हणून अ‍ॅपमध्ये ब्रँड आणि मॉडेल क्रमांकही जुळवून बघा. लेबलवर २५ वॅटच्या मॉडेलचा कोड आणि पुढे छापलेलं ‘४५ वॅट’, असली विसंगती बनावट मालात सर्रास सापडते.

हे झालं लेबलचं. मी ज्याला खरं घाबरतो ती गोष्ट प्लास्टिकच्या आत आहे.

चार्जर उघडला की मधोमध पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला छोटा ट्रान्सफॉर्मर दिसतो. त्याच्या एका बाजूला घरातली २३० व्होल्टची वीज, दुसऱ्या बाजूला फोनकडे जाणारी ५-९ व्होल्टची. या दोन बाजू एकमेकींना कुठेही भिडता कामा नयेत. चांगल्या चार्जरमध्ये सर्किट बोर्डावर दोन्हींच्या मध्ये पाच-सहा मिलिमीटरची मोकळी पट्टी ठेवलेली असते. पुष्कळदा तिथे बोर्डच कापून आरपार खाच पाडलेली असते, म्हणजे दमट हवेत, धुळीत ठिणगीला पलीकडे जायला वाट मिळू नये. ट्रान्सफॉर्मरच्या आतली दुसऱ्या बाजूची तार तिहेरी आवरणाची असते. दोन बाजूंना जोडणारे मोजकेच भाग असतात आणि ते त्याच कामासाठी प्रमाणित केलेले असतात: एक ऑप्टोकपलर (तो प्रकाशाने पलीकडे निरोप पोचवतो), आणि एक बहुधा निळा, बटणासारखा वाय-कॅपॅसिटर.

स्वस्त नकलेत ती खाच नसते. दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावर आणून ठेवलेले असतात, कुठे कुठे तेवढंही नाही. वाय-कॅपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कॅपॅसिटर, फ्यूजच्या जागी नुसती तार. पावसाळ्यात सादळलेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असा चार्जर असेल आणि तुम्ही अंघोळ करून येऊन फोन हातात घेतलात, तर २३० व्होल्ट आणि तुमच्यात उरलेलं अंतर म्हणजे तो मिलिमीटर.

ही भीती कल्पनेतली नाही. यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०१६ मध्ये अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे ४०० बनावट अ‍ॅडॉप्टर तपासले. ९९ टक्क्यांहून जास्त नापास झाले. उच्च दाबाच्या इन्सुलेशन चाचणीत फक्त तीन टिकले आणि बारांची रचना तर विजेचा जीवघेणा धक्का बसू शकेल इतकी वाईट होती. बाहेरून बघितलं तर त्यातले बरेचसे हुबेहूब.

तुमची स्क्रीन स्वतःहून दाबली जाते, त्याचंही मूळ आतच आहे. टचस्क्रीन बोटामुळे होणारा अगदी सूक्ष्म विद्युत बदल ओळखते. चार्जरमधला फिल्टर काढून टाकला की उच्च वारंवारतेचा गोंगाट केबलमधून फोनमध्ये शिरतो आणि स्क्रीनला बोट कुठे आहे ते कळेनासं होतं. चार्जर काढल्यावर स्क्रीन लगेच ताळ्यावर येत असेल तर दोष फोनचा नाही. लोक मात्र डिस्प्ले बदलायला येतात, आणि बाहेर डिस्प्ले बदलून देणारेही भेटतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. दोन पिनांचा चार्जर लावलेला असताना फोनच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की हलकी झिणझिण जाणवते, ती अस्सल चार्जरलाही येते. वाय-कॅपॅसिटरमधून ठरलेल्या मर्यादेतला नगण्य प्रवाह येतो, त्याने काही होत नाही. झटका बसला, बोट मागे खेचलं गेलं, तर मात्र तो चार्जर पुन्हा लावू नका. तापण्याचंही तसंच. आजकालचे छोटे गॅन (गॅलियम नायट्राइडची चिप असलेले) चार्जर पूर्ण ताकदीवर चांगलेच गरम होतात. हातात दोन-चार सेकंदही धरवत नाही, प्लास्टिक जळका वास येतो, पिनांजवळ रंग पिवळसर झालाय, आतून सूंऽऽ असा आवाज येतोय, यातलं काहीही दिसलं की थांबायचं.

गावाकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. शेतीच्या डीपीवर रात्री मोटारी बंद झाल्या की घरात व्होल्टेज २६०-२७० पर्यंत चढतं, हे तुम्ही बल्बच्या उजेडावरून ओळखताच. चार्जरच्या आत पहिल्यांदा त्या विजेचं डीसी होतं, आणि २७० व्होल्टचं डीसीचं शिखर साधारण ३८० असतं. आतला मोठा कॅपॅसिटर बहुतेक ४०० व्होल्टचा. चांगल्या कंपनीचा कॅपॅसिटर तेवढं रेटून नेतो. जुना काढून त्यावर नवं वेष्टन चढवलेला असेल तर लाइट गेली-आली की फट्‌ आवाज करून फुटतो. वळवाच्या पावसाच्या दिवसांत असे मेलेले चार्जर दुकानात भरपूर येतात. तुमच्याकडे व्होल्टेजचा हा त्रास असेल तर चार्जरवर पैसे वाचवूच नका, आणि रात्रभर लावून झोपू नका.

आता ऑनलाइन घेताना. बाजारात चार्जर म्हणजे काय काय असतं ते आधी ऐका. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत मनीष मार्केटमध्ये गेलात तर दुकानदार निदान तोंडावर सांगतो: कंपनीचा पाहिजे, कॉपी पाहिजे की लोकल? कॉपीतही पुन्हा ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’. तोच माल ऑनलाइन चढला की त्याचं नाव ‘१०० टक्के ओरिजिनल’ होतं. माझा साधा नियम आहे: लिस्टिंगच्या शीर्षकात ‘ओरिजिनल’ हा शब्द जितका जोरात, तितका मी मागे सरकतो. सॅमसंगला स्वतःच्या चार्जरच्या नावापुढे ‘ओरिजिनल’ लिहावं लागत नाही. ‘सॅमसंगसाठी सुसंगत’ असं स्पष्ट लिहिलेला दुसऱ्या ब्रँडचा चार्जर त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकणारा कोण. वेबसाइट कितीही मोठी असो, बहुतेक वेळा ती फक्त मांडव घालून देते, माल दुसऱ्याच कोणाचा असतो. एकाच फोटोखाली दहा विक्रेते असू शकतात आणि तुमचा पिनकोड बदलला की समोर येणारा विक्रेताही बदलतो. शेजाऱ्याला त्याच पानावरून खरा चार्जर मिळाला आणि तुम्हाला खोटा, हे अगदी शक्य आहे. अ‍ॅपलने २०१६ मध्ये अमेरिकेत एका विक्रेत्या कंपनीवर दावा लावला, तेव्हा कोर्टात सांगितलं होतं की अ‍ॅमेझॉनवरून अस्सल म्हणून विकत घेतलेल्या शंभराहून जास्त चार्जर-केबलपैकी जवळपास ९० टक्के बनावट निघाल्या. आपल्याकडेही मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांच्या गोदामांवर छापे घालून प्रमाणपत्र नसलेला माल जप्त केला. तेव्हा ‘मोठ्या साइटवरून घेतलाय’ हे उत्तर पुरेसं नाही. विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तूचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. पत्ता अर्धवट, मूळ देश रिकामा, आणि तोच विक्रेता चार्जरबरोबर झारे, उशांचे अभ्रे, केसांचं तेलही विकतोय, तर पुढे जा. कंपनीची स्वतःची वेबसाइट किंवा मार्केटप्लेसवरचं कंपनीचं अधिकृत स्टोअर हाच सरळ रस्ता, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

किंमत ताडून बघायची ती एमआरपीशी नव्हे. ३,४९९ वर काट मारून ५९९, यातला पहिला आकडा कोणीही टाकतो. तोच मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर आज कितीला आहे ते बघा. त्याच्या निम्म्याहून कमी भाव असेल तर तो सेल नाही. रिव्ह्यू वाचताना तारे सोडून द्या, ग्राहकांनी टाकलेले फोटो आणि एक-दोन तारेवाले मजकूर वाचा. काही पानांवर खाली गेलात तर रिव्ह्यू चक्क मोबाइल कव्हरचे असतात. जुन्या लिस्टिंगमध्ये वस्तू बदलून टाकायची ही पद्धत आहे.

कंपनीचाच चार्जर पाहिजे असा तुमचा हट्ट नसेल तर अँकर, बेल्किन, स्टफकूल अशा चार्जरमध्येच मुरलेल्या ब्रँडचा पीपीएसवाला २५ किंवा ३० वॅटचा चार्जर एस२३ ला पुरतो. मी तर हेच सुचवतो. सॅमसंग-अ‍ॅपलच्या नावाने नकला जितक्या निघतात तितक्या यांच्या निघत नाहीत. केबल ३ अ‍ॅम्पिअरची टाइप-सी ते टाइप-सी बास. ५ अ‍ॅम्पिअरची, आत ई-मार्कर चिप (केबलची क्षमता सांगणारी) असलेली केबल ४५ वॅटवाल्या प्लस-अल्ट्राला लागते, तुम्हाला नाही.

वनप्लस, ओप्पो, रिअलमीवाल्यांचं गणित वेगळं. त्यांचं सुपरवूक नावाचं फास्ट चार्जिंग पीडीवर चालत नाही, व्होल्टेज कमी आणि करंट भरपूर असा त्यांचा हिशोब आहे. ६५ वॅटचा जुना वनप्लस चार्जर १० व्होल्टला ६.५ अ‍ॅम्पिअर देतो. एवढा करंट साधी केबल झेलत नाही, म्हणून चार्जर आणि केबल दोन्ही कंपनीचीच लागतात. दुसरा कुठलाही चांगला चार्जर लावला तर फोन सुरक्षितपणे, पण बराच हळू चार्ज होईल. या फोनसाठी नकली ‘८० वॅट’ चार्जर मात्र घेऊच नका, एवढा करंट आणि कच्ची केबल हे फार वाईट जोडपं आहे.

पार्सल आल्यावर डबा फोडतानाचा व्हिडिओ सलग काढा: सील, पत्त्याचं लेबल, चार्जरचं बारीक छापलेलं लेबल, मग फोनला लावून स्क्रीनवर काय येतं ते. तुम्ही व्हिडिओ काढलेला नाही, हरकत नाही. लेबलचा जवळून फोटो काढा, ‘जाहिरातीत ४५ वॅट, वस्तूवर १८ वॅट’ असं एका ओळीत लिहा आणि परतीच्या कारणात ‘आवडलं नाही’ न निवडता ‘बनावट’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवडा. ‘चार्जर खराब आहे’ म्हणालात तर बदलून तसलाच दुसरा पाठवतील. परतीची मुदत संपली असेल किंवा विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. बीआयएस केअर अ‍ॅपमध्येही तक्रारीची सोय आहे, खोट्या आर-नंबरची तक्रार तिथेच करा.

पैसे परत मिळाले आणि विक्रेत्याने चार्जर न्यायला माणूसच पाठवला नाही, असंही होतं. मग तो ‘असू दे, जुन्या फोनला होईल’ म्हणून आईकडे किंवा कामवाल्या मावशींकडे देऊ नका. पिना पक्कडीने वाकवा आणि ई-कचऱ्यात टाका.